चिमटीत न येणारी चरबी

४ मार्च
पोट गोठवून आली! माझी लेक, चाळिशीची बाई. पोटाची वळी यंत्राच्या तोंडात धरतात, बर्फासारखी गार करतात, आणि चरबी जागच्या जागी मरते म्हणे. कापाकापी नाही, टाके नाहीत. जावई म्हणतात, "आई, तुमची लेक आता नासायची नाही, फ्रीजरमधला माल आहे!" ती खो खो हसली. मला हसू आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलंय — साखर काठावर आहे, रोज चाल, खाणं सांभाळ, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून घे. आणि ही गेली गोठवायला!

ह्यांचं पोट हुबेहूब असंच होतं. हातपाय काड्या, पोट पुढे. साखरेनंच नेलं त्यांना.

९ मार्च
वाचनालयातून जाड पुस्तक आणलं. निम्मं डोक्यावरून गेलं. पण एवढं कळलं — यंत्र मारतं ती कातडीखालची चरबी, चिमटीत येते ती. आत आतड्यांभोवती, यकृतात ठाण मांडून बसते तिथवर तो गारवा पोचतच नाही. आणि साखर बिघडवते ती मुख्यतः हीच. लगेच फोन केला. "आई, तू पुस्तक बघ, मी आरसा बघते." ठेवला फोन!

२ एप्रिल
चालणं बंद केलंय. "कशाला? कंबर उतरतेय की आपोआप." यंत्रवाल्या मुलीनं सांगितलं म्हणे, साखरही उतरेल. कुठे लिहिलंय, दाखव म्हणावं!

३ एप्रिल
डोकं उठलंय. आज काही लिहीत नाही.

१९ मे
लेक दोन पँटी घेऊन आली, कंबरेत आत घ्यायला. लोकांचे शिवायला आलेले कपडे बाजूला सारून तिला टेप लावली. खरंच कमी झालीय. खोटं कसं बोलू?

"बघ! टेप तुझीच ना?"

"टेप कापडासाठी असते गं. रक्तासाठी नाही."

"झालं हिचं सुरू!"

तोंड फुगवून चहा प्यायली. मीही फुगवलं. पँटींच्या शिवणीतली जादा माया मात्र कापली नाही, आत दुमडून ठेवली. लागेल पुन्हा — असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. आईनं असलं चिंतू नये.

मशीनवर बसलेच होते म्हणून माझाही एक ड्रेस आत घेतला. हे गेल्यापासून कितव्यांदा कोण जाणे. शेजारीण म्हणते, दुःखानं वाळलीस. वाळणारच. कामावर बसले की तांबेच्या तांबे पाणी संपतं — उन्हाळाही तसाच आहे.

२ जून
रक्त तपासायला नाही म्हणते. "ठीक आहे मी!" अगदी ह्यांचं वाक्य, ह्यांच्याच सुरात. माझा तोल गेला. "बापासारखी जाशील!" म्हणाले.

ती म्हणाली, "बाबांना सांगायला तू रोज होतीस. ऐकलं त्यांनी?"

नाही ऐकलं. मेला माणूस, तरी अजून भांडते मी त्यांच्याशी. भाजी चिरता चिरता भांडते. आणि उत्तर येत नाही तेव्हा सुरी खाली ठेवून बसते.

५ जून
लेकीचा फोन! "येते तपासायला. पण तूही हात पुढे करायचा. मी एकटी नाही टोचून घेणार."

लहानपणीही तेच — आधी आईला टोचा, मग मला. हो म्हटलं. माझं काय जातंय? वाळकं लाकूड मी, चिमटीत धरायलासुद्धा काही नाही अंगावर.

९ जून
तिची साखर होती तिथेच — काठावर. कंबर गेली, साखर हलली नाही. "सांगत होते ना!" म्हणायला तोंड उघडलं, तर ती माझा रिपोर्ट वाचत होती. चेहरा पांढरा. माझी साखर तिच्या दुप्पट.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, वजन कधीपासून उतरतंय? तहान कधीपासून लागते एवढी?"

हे गेल्यापासून, म्हटलं. मला वाटलं, दुःख आहे.