चौथ्या प्रकरणातलं वजाचिन्ह

प्रिय सर,

परवा गुरुवारी माझी पीएच.डी.ची व्हायवा आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "घाबरतीस कशाला? निम्म्या परीक्षकांना तुझा विषयच कळणार नाही!" पण एकाला कळलाय, सर. म्हणूनच हे लिहायला बसलेय.

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात चूक आहे.

त्या परीक्षकांनी पत्रातून एकच शंका विचारली होती. तिचं उत्तर द्यायला म्हणून मी तुमची सगळी आकडेमोड पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर घातली. समीकरणात पिळाच्या एका पदाआधी अधिक आहे, तिथे वजा हवं. तीनदा तपासलं. तिन्ही वेळा वजाच!

गुरुत्वाकर्षणाला क्वांटमच्या नियमांत बसवायचं, तर अवकाशाला नुसता बाक नाही, पीळही असतो असं मानून बघू, हा तुमचा ध्यास. त्या वाटेवर घोस्ट आडवे येतात. घोस्ट म्हणजे असे कण, की ज्यांच्यामुळे एखादी गोष्ट घडण्याची शक्यता शून्याच्याही खाली जाते. आपण लिहिलं, आमच्या समीकरणांत घोस्ट नाही. चिन्ह बदललं, की तो परत येतो.

तुम्ही मला ते तपासू का नाही दिलंत? मी महाप्याचं ऑफिस सुटलं की धावत सानपाड्याला तुमच्याकडे यायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "ते मी केलंय, तू पुढं चल." रागावू नका, पण पंचवीस पानं हाताने करून, न तपासता कुणी पुढे जातं का?

आणि मी तरी कुठे खरी वागले? हॉस्पिटलमध्ये तुम्ही ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून विचारलंत, "चौथं नीट झालंय न्हवं?" त्या पदाबद्दल तेव्हाच मनात खुटखुट होती. मी म्हटलं, "एकदम नीट, सर." तुम्ही डोळे मिटलेत. तो चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुमच्या जागी आलेले नवे गाईड म्हणाले, "त्या भागाला हात लावू नका. व्हायवा होऊन जाऊ दे, मग बघू." दोन दिवस मीही तसंच ठरवलं होतं.

मग रविवारी तुमच्या घरी काकूंकडे गेले. त्यांनी सोसायटीत सगळ्यांना सांगितलंय, 'यांनी शेवटचं काम पुरं करूनच डोळे मिटले.' त्यांना कसं सांगायचं? चहा गार झाला. शेवटी त्यांनीच विचारलं, "नापास होणारेस का?"

मी सगळं सांगितलं. त्या उठून आत गेल्या, बराच वेळ भांडी लावत राहिल्या. मला वाटलं, आता या मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत.

बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. म्हणाल्या, "चूक तू काढलीस ना? मग घरातच राहिली. उद्या बाहेरच्या कुणी काढली असती, तर मला सोसलं नसतं."

"पण काकू, सरांचं नाव..."

"पस्तीस वर्षं वर्गात फळ्यावर चुकायचे नि स्वतःच पुसायचे. आता पुसायला ते नाहीत, तर तू पूस."

तिथेच बसून मी दोन्ही परीक्षकांना दुरुस्तीचं पान पाठवलं. काल शंका विचारणाऱ्या परीक्षकांची एकच ओळ आली, 'पान मिळाले. व्हायवा ठरल्याप्रमाणे.' याचा अर्थ काय, सर? हे चांगलं की वाईट? पाच वर्षं पाण्यात गेली तर?

पण एक वचन देते. गुरुवारी सुरुवातच त्या चिन्हापासून करीन. त्याच प्रकरणाच्या शोधनिबंधावर नावं आपली दोघांची आहेत, तेव्हा 'सर चुकले' असं म्हणणार नाही. 'आम्ही चुकलो' म्हणेन. मोठ्याने म्हणेन, कारण काकू येणार आहेत, आणि त्यांना पहिल्याच रांगेत बसायचंय.

तुमची विद्यार्थिनी,
शलाका