सबटायटल गेली ती माझ्यामुळे

चि. तृप्ती,

तू पेन ड्राइव्हवर भरून दिलेल्या वेबसीरिजची सबटायटल दिसेनात, म्हणून काल तुझ्या सासूबाई तुला नाही नाही ते बोलल्या. चूक माझी होती. फाइलींच्या नावांतलं १०८०, एक्स२६५ मला कचरा वाटलं. ग्रंथालयातल्या सवयीने मी ते काढून सुबक मराठी नावं दिली. चित्र किती स्पष्ट, व्हिडिओ कसा दाबून लहान केलाय, हे त्यावरून कळतं म्हणे. शिवाय सबटायटलच्या फाइलचं नाव व्हिडिओसारखंच लागतं; मी बदलल्यावर ती जुळेनात. पुन्हा हात लावायची भीती वाटते, म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन देवळाली कॅम्पच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जातोय.

हिला, तुझ्या सासूला, ऐकू येत नाही, कबुली ओरडून द्यावी लागते. काल तेवढा आवाज निघाला नाही. म्हणून तिच्यासाठी कबुली चिठ्ठीत लिहून टीव्हीवर चिकटवली आहे.

आप्पा