बासष्ट सालचा खिळा

रॉटरडॅम,
३ जून १९६२

ती. लुडविनाताईस,
वेंडलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वाचायला दोन संध्याकाळी लागल्या. दोष तुझ्या अक्षराचा नाही, माझ्या शाळेचा आहे. बाबांना सांग, शाळेतून पळालेला पोरगा अजून पळतोच आहे, पण कुठे पडलेला नाही. गोदीत धान्याची पोती उतरवतो, खांदे बैलासारखे झालेत, आणि इथलं चीज खाऊन रोज तुझी आठवण काढतो. ते रबरासारखं लागतं.

इथे कुणाला आपला देश ठाऊक नाही. नकाशावर दाखवायला गेलो तर बोटाखाली अख्खं लिख्टेनश्टाइन झाकलं गेलं. मुकादमाने हसत विचारलं की बोट उचलल्यावर काही उरेल का. मी म्हटलं, तुमच्या गोदीत जी ऱ्हाइन येते ती आधी आमच्या पायथ्याशी येते, आणि आम्ही तिच्यात पाय धुतो. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या वाट्याला चार पोती जास्त लावली.

गेब्हार्डकाकांच्या उत्सव समितीची पुस्तिका पाहिली. पहिल्या नंबरला वाडूझचा गड, मग देवळं, मग जुनी लाकडी घरं, आणि पाचव्या नंबरला चक्क आपली गुरं. सजवलेल्या गाई सप्टेंबरात डोंगर उतरतात, पाहुण्यांनी जरूर पाहाव्यात म्हणे. म्हणजे बाबा आता प्रेक्षणीय स्थळ झाले. त्यांना सांग, गडासारखं गप्प उभं राहायचं, पाहुण्यांसमोर शिव्या द्यायच्या नाहीत.

गाईंच्या कपाळावर बांधायचे लाकडी बदाम यंदाही मीच करणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. ओस्करने केलेले पत्त्यांतल्या बदामासारखे दिसायच्या ऐवजी बटाटे वाटत होते. अठरा गोठ्यांचे अठरा बदाम कोरतो आणि रंगवून पाठवतो. सालाचा आकडा मात्र कोरत नाही, घाबरू नका. ते बाबांचं काम. शेवटच्या दिवशी सगळी गुरं मोजून झाल्याशिवाय साल कोरायचं नाही, हे मला शाळेतल्या पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ आहे.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास तर मला परत शाळेत धाडशील.

तुझा
वेंडल


वरचं कुरण,
२२ जुलै १९६२

चि. वेंडलास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. सतरा तारखेला तार केली होती, तिचं उत्तर आलं नाही, म्हणून लिहिते आहे. आपले बाबा गेले.

आठ तारखेला सकाळपासून दाट धुकं होतं. गेब्हार्डकाकांची फ्लुरी कळपातून फुटून दरडीकडे गेली. बाबा तिला हाका मारत मागे गेले. तासाभराने फ्लुरी एकटीच चरत परत आली, तेव्हाच मी समजले. दरडीखाली सापडले. चौघांनी गवत वाहायच्या घसरगाडीवर बांधून खाली नेलं. खालच्या दवाखान्यात नऊ दिवस होते. मी दोनदा भेटून आले. दोन्ही वेळा एकच विचारलं, गुरं मोजलीस का. दुसऱ्या खेपेला तुझं नाव घेतलं, पण पुढे काय म्हणायचं होतं ते राहिलं.

वेंडल, कळपाकडे मीच आहे. गुरांच्या मालकांनी कुणी माणूस पाठवावा म्हणून दोन दिवस वाट पाहिली. कुणी आलं नाही, आणि गाई काही दूध धरून थांबत नाहीत. आता गावात म्हणतात की मुख्य गुराखी बाई असलेली कधी पाहिली नव्हती. त्यांना निरोप दिला की वर या आणि पाहा, येताना बादली आणा.

घरी ये असं म्हणत नाही. कुठे आहेस तेवढं कळव.

तुझी
ताई


बर्गन, नॉर्वे,
२ ऑगस्ट १९६२

ती. बाबांस,
वेंडलचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, हसू नका. जूनअखेर गोदी सोडली आणि लाकडाच्या जहाजावर चढलो. एका जागी पाय ठरत नाही, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता. टपाल सगळं रॉटरडॅमला घरमालकिणीकडे पडलं असेल, सप्टेंबरात परतलो की वाचीन. तोवर ताईला म्हणावं रागावू नकोस.

निघण्याआधी बदामांची पेटी रेल्वेने पाठवली आहे. आता एक कबुली. साल मीच कोरलं. तुमची बोटं हल्ली आखडतात, चाकू धरवत नाही, असं ताईने मागे लिहिलं होतं. म्हटलं, अठरा वेळा एकोणीसशे बासष्ट कोरायचा त्रास वाचेल. नियम मोडला हे कबूल. आलो की कान पिळा, पण बोटं बरी असतील तरच.

यंदा दुधात फ्लुरीच पहिली येणार, लिहून ठेवा. दूध काढायला बसतो त्या तिवईचा सजवलेला मुकुट तिच्याच शिंगांत बसणार, आणि गेब्हार्डकाका गावभर छाती काढून फिरणार.

तुमच्या शिव्या ऐकून वर्ष झालं. तेवढ्या राखून ठेवाव्या.

तुमचा
वेंडल


वरचं कुरण,
२६ ऑगस्ट १९६२

चि. वेंडलास अनेक आशीर्वाद.

बाबांना लिहिलेलं तुझं पत्र मी फोडलं. दूध काढायचं थांबवून उभ्यानेच वाचलं. पुढे त्याबद्दल लिहीत नाही. हे पत्र रॉटरडॅमलाच पाठवते. परतशील तेव्हा सगळं एकदम कळेल, त्याला माझा इलाज नाही.

पेटी गावात पोचली आणि माझ्याआधी गेब्हार्डकाकांनी उघडली. आता ऐक काय चाललंय. कुरणावर उन्हाळ्यात माणूस गेलं तर गुरं उघड्या कपाळाने उतरतात. फुलं नाहीत, बदाम नाहीत, घंटांमध्ये गवत कोंबायचं. हे लहान पोरालाही माहीत आहे. पण काका बाबांचं नाव घेऊन सांगतात की फ्लोरिन कुरणावर गेला नाही, दवाखान्यात गादीवर गेला, तेव्हा डोंगराला सुतक नाही. सात बसगाड्या भरून पाहुणे यायचे ठरलेत, छायाचित्रकार येणार आहे, पुस्तिकेत छापलंय. मी म्हटलं, बाबा पडले ते गादीवरून नाही पडले. त्यावर त्यांनी पेटीतला बदाम काढून माझ्यापुढे धरला. म्हणाले, "सख्ख्या पोराने साल घालून पाठवलंय, मग तुझंच काय अडलंय?"

वेंडल, त्या एका वाक्यावर अर्धं गाव तिकडे झुकलं.

नऊ सप्टेंबरला चर्चनंतर मालकांची सभा आहे. बायकांना तिथे बसता येत नाही, बोलायचं तर दूरच. आपल्या घराचं मत आता तुझं आहे, आणि तू कुठल्या समुद्रावर आहेस ते मला माहीत नाही.

तब्येतीला जप.

ताई


रॉटरडॅम,
४ सप्टेंबर १९६२

ती. ताईस,
वेंडलचा सा. न. वि. वि.

काल परतलो. घरमालकिणीने टपाल एकावर एक रचून ठेवलं होतं, म्हणून शेवटचं पत्र मी आधी वाचलं. सुतकाचं वाचलं, त्यात बाबांचं नावही होतं, तरी डोक्यात शिरेना. मग बावीस जुलैचं वाचलं. तार सगळ्यांत खाली होती.

जहाजावर मी सगळ्यांना बाबांच्या नकला करून दाखवत होतो, तेव्हा ते मातीत होते.

एक मात्र मनातून जात नाही. गुरं मोजायच्या आधी मी साल कोरलं. इकडे मी कोरलं, आणि पुढच्याच आठवड्यात ते पडले. तू म्हणशील वेडा आहेस. म्हण. पण म्हण नक्की.

आणि आता त्याच बदामांनी काका माझं तोंड बंद करणार? मी जिवंत बापासाठी कोरले होते ते. आपण गड नाही ताई, आणि देऊळही नाही, की कुणी बस थांबवून बघावं आणि जाताना पुस्तिकेत खूण करावी. काका माझे धर्मपिता आहेत, त्यांनी मला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं होतं, तरी सांगतो. त्यांच्या गाईमागे गेलेल्या माणसाचं सुतक ते खुर्चीवर बसून मोडणार असतील तर त्यांना माझा नमस्कार मिळायचा नाही.

सोबत वेगळा कागद आहे. तो सभेत पाद्रीबाबांना वाचायला दे. शुद्धलेखन सुधारू देऊ नकोस. त्यात एवढंच आहे: "मी फ्लोरिनचा मुलगा वेंडल. आमच्या घराचं मत आहे की गुरं उघडी उतरतील. माझ्या हातचा बदाम जो बांधेल त्याने तो बाबांच्या थडग्याजवळून नेताना वर बघून चालावं."

हट्टाने उभी राहा. लोभ, आशीर्वाद, जे काय असेल ते सगळं या खेपेला मला लागणार आहे.

तुझा
वेंडल


गावातून,
२० सप्टेंबर १९६२

चि. वेंडलास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

वेडा आहेस. म्हटलं. साल कोरल्याने माणसं मरत नाहीत, धुक्यात दरड चढल्याने मरतात, आणि ते धुकं तू पाठवलेलं नव्हतंस. बाबांनी तुझं पत्र वाचलं असतं तर तुला शिव्या घातल्या असत्या आणि मग तो कागद खिशात ठेवून उन्हाळाभर फिरले असते.

सभेत कागद वाचला. पाद्रीबाबांनी तुझ्या चुकांसकट वाचला म्हणे. काकांनी सांगितलं की मत हजर माणसाचं धरतात, टपालाने आलेलं धरत नाहीत. ठरलं, गुरं सजवायची.

पंधरा तारखेला पहाटे मालक वर आले, फुलं, फिती आणि पेटी घेऊन. रिवाजाप्रमाणे गुरं मुख्य गुराख्याने सजवायची असतात. मी रात्रीच सगळ्या घंटांत गवत भरून ठेवलं होतं. पेटी माझ्यापुढे ठेवली तेव्हा मी ती उघडली, आणि एकेकाला नावाने बोलावून ज्याच्या गोठ्याचा बदाम त्याच्या हातात दिला. सगळ्यांना एकच सांगितलं. "मी बांधणार नाही. सभा तुमची आहे, हातही तुमचेच लागतील. बांधा."

कुणी हललं नाही, वेंडल. ओस्करने एकदा गाईच्या कपाळापर्यंत हात नेला. तिने नेहमीसारखं बाबा समजून डोकं त्याच्या छातीला घासलं. त्याने बदाम कोटाच्या खिशात टाकला. मग सगळ्यांनीच टाकले. काका फ्लुरीपाशी तिवई धरून बराच वेळ उभे होते. शेवटी काखेत मारून चालू लागले.

गुरं मोजली. सगळी भरली. मग उतरलो, मी पुढे. डोंगराच्या बोगद्यातून गावाच्या बाजूला बाहेर आलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहुणे, हातात कॅमेरे. घंटांचा आवाज नाही, नुसते खूर. एका म्हाताऱ्या पाहुण्याने टोपी काढली. मग बघता बघता सगळ्यांनीच काढल्या. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. छायाचित्रकाराने एकही चित्र घेतलं नाही, किंवा घेतलं असेल तर मी पाहिलं नाही.

चर्चच्या दारात कळप थांबला नाही, पण मालक एकेक करून दफनभूमीच्या भिंतीआड जाऊन येत होते. संध्याकाळी मी गेले. तुझे बदाम थडग्यावर ओळीने ठेवलेले होते, सालाची बाजू खाली. मोजले. आपल्या गोठ्याचा मी ठेवलेला धरून सतरा होते.

अठरावा कुणाचा ते तुला कळलंच असेल. मीही मनातून ते नाव उतरवून टाकलं होतं. काल सकाळी गोठ्याच्या दारावर, जिथे दर वर्षीचा बदाम टांगतो, तिथे एकसष्टच्या बदामाखाली मी एक खिळा ठोकला आणि त्यावर काही टांगलं नाही. रिकामा खिळा म्हणजे बासष्ट साल. ठोकत होते तेव्हा काका रस्त्यावर उभे होते. खिशातला बदाम काढून म्हणाले की हा फ्लोरिनजवळ ठेवायला पाय उचलत नाही, तो माझ्याच फ्लुरीच्या मागे गेला होता. मी त्यांच्याबरोबर गेले. परतताना त्यांनी माझी हातोडी मागून नेली. आज त्यांच्या दारावरही रिकामा खिळा आहे.

जेवतोस का? की त्या रबरावरच आहेस?

तुझी
ताई


रॉटरडॅम,
२९ सप्टेंबर १९६२

ती. ताईस,
वेंडलचा शिरसाष्टांग नमस्कार. हा आजवर फक्त बाबांना घातला होता.

पत्र एका बैठकीत वाचलं. मुकादमाने विचारलं की रडतोस का. मी त्याला सांगितलं, आमच्या देशात एक नवं प्रेक्षणीय स्थळ झालंय, एक खिळा आहे, पुस्तिकेत सापडायचा नाही. तो या वेळी हसला नाही.

काकांना माझा नमस्कार सांग. परत घेतलेला परत दिला.

वसंतापर्यंत इथला करार आहे, तो पुरा करतो. गुरं वर चढायच्या आधी मी घरी असेन. तू पुढे चाल, मी मागच्या वासरांकडे बघेन. गाई तुझी हाक ओळखतात, माझी विसरल्या असतील, ती नव्याने शिकव. कुणी म्हणालं की बाईच्या हाताखाली राबतो, तर मी बादली देईन त्याच्या हातात.

बासष्टच्या खिळ्यावर कुणाला काही टांगू देऊ नकोस. त्रेसष्टचे अठरा बदाम मी कोरीन. साल तू घालायचंस, गुरं मोजून झाल्यावर.

तोवर लोभ राहू दे, आणि बाबांच्या वाटणीच्या शिव्याही तूच घाल.

तुझा
वेंडल