थोरलीला एकट्याने कोणी नेऊ नये

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा शिडे शिवण्याचा, हात कापू लागल्यापासून बंद, लिहून ठेवते की हे माझे शेवटचे मृत्युपत्र असून याआधीचे रद्द समजावे. माझी बुद्धी शाबूत आहे. आमच्या डॉक्टरांनी काल घरी येऊन मला आजचा वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले आणि विहीणबाईंचे माहेरचे आडनावही विचारले. शेवटचा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या कुतूहलाचा असावा. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मुलाने थोडे आणून पाहिले, ते पुढे येईलच. सगळ्यांची पूर्ण नावे वकिलांनी मागच्या पानावर घातली आहेत. इथे मी घरात हाक मारते तसेच लिहिणार.

एक. राहते घर मुलीला द्यावे. वरच्या खोलीची खिडकी दमट हवेत फुगते आणि बंद होत नाही. सुतार रंधा मारून देतो म्हणेल, मारू देऊ नये. उन्हाळ्यात फट पडते.

दोन. बँकेत जे असेल ते मुलगा आणि मुलगी यांनी सारखे वाटून घ्यावे. यावर भांडू नये. भांडायला पुढच्या कलमांत पुष्कळ आहे.

तीन. शिडे शिवायचे मोठे मशीन, सुया, मेण, तळहाताला बांधायचे चामडे, हे सगळे सुनेला. मुलाला नाही. मुलगा विमा विकतो आणि त्याला बटणसुद्धा लावता येत नाही. सून लग्न होऊन आली त्या वर्षी माझ्या शेजारी बसली आणि पहिल्याच दिवशी तिने टाका सरळ घातला. हे मी तिला कधी बोलून दाखवले नाही. आता दाखवते.

चार. धाकट्या दिरांना मागच्या अंगणात पडलेली मोडकी डोलकाठी द्यावी. बोटीवरची डोलकाठी आपल्या पैशाची आहे, असे ते दर भेटीत ऐकवत आले. ती त्यांनी दिली हे खरे आहे. जुनी त्यांनीच शर्यतीत हट्टाने मोठे शीड चढवून मोडली, हेही खरे आहे. तेव्हा ज्याची त्याला मिळावी.

पाच. आता थोरली.

थोरली म्हणजे आमची शिडाची बोट. मुलीच्या जन्माआधी ती घरात आली, म्हणून यजमान तिला थोरली म्हणत. त्यामुळे आमची पहिली मुलगी जन्मतःच मधली झाली आणि मुलगा धाकटा. यजमान बंदरात क्रेन चालवत. दिवसभर उंचावर एकटे बसायचे, म्हणून सुट्टीत त्यांना माणसे लागत. थोरली शर्यतीला चपळ होती, आणि आत चार जणांना झोपायला बाक, शेगडी आणि पुढच्या टोकाला एक छोटी खोली, म्हणजे लांबच्या प्रवासात घरच. दोन्ही कामांना सारखी चालणारी बोट सहसा मिळत नाही. आम्हाला ती जुनी, पण स्वस्तात मिळाली. बोट पहिल्यापासून माझ्या नावावर आहे.

विकणारी बाई संगीत शिक्षिका होती. घरात पेटीवर कापड घातलेले, खिडक्या लावलेल्या. व्यवहार झाल्यावर दारापर्यंत येऊन तिने मला म्हटले, “बोटीवर चहा टाकाल तेव्हा एक कप जास्तच टाका. नाहीतर कमी पडतो.” मला वाटले, पाहुणचाराची रीत सांगते आहे.

आम्ही चौघे जायचो: यजमान सुकाणूवर, मी शिडांवर, दीर दोरांवर, आणि शेजारचे घड्याळजी, जे कुठेही उपयोगी पडत. पहिल्याच शर्यतीत पुढच्या टोकाला शीड अडकले. वळणावर होतो, कोणालाच हलता येईना. आणि ते सुटले. आम्ही जिंकलो. किनाऱ्यावर आल्यावर घड्याळजींनी दिरांना शाबासकी दिली, दिरांना वाटले मी सोडवले, आणि मला वाटले घड्याळजी. मग मी चहा ओतला आणि एक कप कमी पडला. किटलीत चारच कपांचे पाणी मी स्वतः घातले होते. चौघांचे भरून पाचवा रिकामा माझ्या हातात होता. तो मी का घेतला, ते मला सांगता येईना.

पुढे सवय झाली. भाताला आधण ठेवताना हात आपोआप जास्त तांदूळ घेई. पहाऱ्यावरून उठून आत आले की पुढच्या खोलीतला बाक कोणीतरी नुकता उठून गेल्यासारखा कोमट असे. आम्ही त्यावर बोलत नसू. यजमान एवढेच म्हणत, “कामाचा माणूस आहे, राहू दे.” एकदा मुलगी लहान असताना लाइफ जॅकेट घालायला रडू लागली. म्हणाली, मला एकटीला लावता, मग पुढे बसलेल्या काकांना का नाही? दीर त्या वेळी सुकाणूवर होते आणि घड्याळजी माझ्यासमोर. त्यानंतर मुलीला मी बोटीवर नेले नाही. ती कारण विचारत राहिली, हे कारण.

यजमान गेले त्या सकाळी वारा जेमतेम होता. मी नवे पुढचे शीड शिवून दिले होते, आणि ते कसे भरते हे बघायला ते निघाले. मला ताप होता, दीर गावाला, घड्याळजींकडे गिऱ्हाईक. ते म्हणाले, जरा बंदराच्या तोंडापर्यंत जाऊन येतो. थोरलीवर एकट्याने जायची ती त्यांची पहिलीच वेळ.

दुपारच्या आत धक्क्यावरच्या रखवालदाराने निरोप पाठवला की बोट आली आहे, पण साहेब दिसत नाहीत. मी तापात तशीच गेले. थोरली आपल्या जागी बांधलेली होती, चारही दोर नीट, जादा दोर गोल गुंडाळून ठेवलेला. नवे शीड उतरवून घडी घातलेले. बंदर अधिकाऱ्याने लिहिले की इसम बोट बांधून उतरताना पाय घसरून पडला व ओढीने वाहून गेला. शोध झाला, ते सापडले नाहीत.

त्या अधिकाऱ्याला शिडातले काय कळते? घडी मी पाहिली. यजमान आयुष्यभर घडी घालत तशी ती नव्हती, मी घालते तशीही नव्हती. कोपरे आतल्या अंगाला दुमडलेले होते. तशी घडी मी पूर्वी एकदाच पाहिली होती, संगीतबाईंकडून बोट घेतली तेव्हा तिच्याबरोबर आलेल्या जुन्या शिडाची. म्हणजे बोट त्यांनी आणली नव्हती. ज्याने आणली, त्याने ती नीट बांधली आणि तो गेला.

मुलाने जाहिरात दिली. शर्यतीला चपळ, प्रवासाला घरासारखी, एकाच कुटुंबाने वापरलेली. मुलाने दाखवले तिथे मी सही केली. त्या दिवसांत मी कोणाशीच बोलत नव्हते. पाच तरुणांच्या शर्यतीच्या संघाने ती घेतली. एक हंगाम सगळीकडे जिंकले आणि मग त्यांचा कप्तान बोट परत घ्या म्हणून दारात आला. मुलगा त्याच्याशी करारावरून वाद घालू लागला. मी मुलाला आत पाठवले आणि त्या तरुणाला बसवले.

तो म्हणाला, “काकू, बोटीत काही खोट नाही. भर सकाळी दाट धुकं आलं. हात दिसेना, म्हणून मी हजेरी घेतली. आम्ही माझ्यासकट पाच. मला उत्तरं यायला हवीत चार. पाच आली.”

मी विचारले, पाचवे कसे होते?

“वयस्क माणूस होता. आधी घसा साफ केला, मग म्हणाला, हो बाबा, हो.”

आमच्या घरात यजमानांना जेवायला हाक मारली की हेच उत्तर येई. आधी घसा, मग ‘हो बाबा, हो’. मी त्या मुलाला पाणी दिले आणि बोट परत घेतली. मुलगा अजून म्हणतो की आईने धंदा बुडवला. ते त्याने आता सोडावे.

दुसऱ्या दिवशी मी संगीतबाईंकडे गेले. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, पण मला ओळखले. मी सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, माझा भाऊ एकटाच घेऊन गेला होता, बोट अशीच परत आली, बांधलेली. मग माझा हात धरून विचारले, “तो आहे ना अजून?”

मी म्हटले, “नाही. आता माझे आहेत.”

त्यांनी डोळे मिटले. “सुटला बिचारा,” एवढे म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतके समाधान होते की मला तिथे उभे राहवेना. एक कप जास्त टाका हे सांगायला ज्या बाई दारापर्यंत आल्या, त्यांना ‘एकट्याने जाऊ नका’ एवढे तीन शब्द जड झाले नसते. बाई आता हयात नाहीत. मी त्यांना क्षमा केलेली नाही, आणि हे मृत्युपत्र असले तरी करणार नाही.

तेव्हापासून मी रोज दुपारी थोरलीवर जात असे. चहा करायचा, दोन कप ओतायचे, घरातले सांगायचे. सुनेला दिवस गेले, दिरांचे गुडघे धरले, खिडकी फुगली. पुढच्या खोलीतून घसा साफ केल्याचा आवाज येई. एकदा मी विचारले, अहो, तुम्हाला इथे राहायचे आहे का? दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, तेव्हा खोलीचे दार आतून हलकेच लोटून घेतल्याचा आवाज आला.

सहा. बोट बघायला आलेल्या एका दंतवैद्य मुलीला मी ती का विकली नाही, याबद्दल घरात फार बोलणे झाले, म्हणून लिहिते. ती तरुण, धडधाकट, पैसे रोख, आणि तिला एकटीने दूरच्या सफरीवर जायचे होते. मुलगा म्हणाला, आई, असं गिऱ्हाईक पुन्हा यायचं नाही. त्याला जे माहीत नव्हते ते मला होते. ही एकटी गेली, तर बोट परत येईल, नीट बांधलेली, आणि हे सुटतील.

मी तिच्याकडून वेळ मागून घेतला. त्या दिवसांत मला झोप लागली नाही. मग तिला बोलावून सगळे सांगितले, काही लपवले नाही. मला वाटले, ऐकून ती आपणच जाईल. तिने मन लावून ऐकले आणि हसली. “मग तर बरंच आहे की. सोबत होईल.”

मी म्हटले, “सोबत होईल. पण नंतर तू कोणाची सोबत करत बसशील, ते मला माहीत आहे.” आणि बोट विकायची नाही म्हणून सांगितले.

त्याच दुपारी थोरलीवर गेले आणि यजमानांना सांगितले की मी त्या मुलीला नाही म्हटले आहे. ती कोणाची तरी लेक आहे. मग पुढच्या खोलीतला बाक करकरला, माणूस भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळतो तसा. त्या दिवसापासून घसा साफ केल्याचा आवाज मी ऐकलेला नाही. चहाचा दुसरा कप तसाच निवायचा. बाक मात्र कोमट असायचा.

सात. माझ्या पश्चात थोरली तीन बहिणींना विकावी. त्या शाळेत शिकवतात आणि भाजी घ्यायलासुद्धा तिघी मिळून जातात. मी त्यांना सगळे सांगितले आहे. तिघींतली मोठी घाबरली, मधलीने चौकशा केल्या, धाकटीने कप किती लागतील ते विचारले. किमतीवर घासाघीस करू नये. करारात एकच अट घालावी: धक्का सोडताना बोटीवर किमान दोन जिवंत माणसे असलीच पाहिजेत. वकील म्हणाले, जिवंत हा शब्द करारात शोभत नाही. शोभो न शोभो, राहू द्यावा. पुढे त्यांनी बोट विकली, तर ही अट बोटीबरोबर जावी.

बोट मोडून टाका असे घड्याळजी म्हणतात. मोडली तर यजमानांनी जायचे कुठे, हे मला कोणी सांगू शकले नाही, म्हणून मी ते लिहीत नाही.

आठ. माझे जे काय करायचे ते जमिनीवर करावे, बंदरापासून लांब. मागे उरेल त्यातले काहीही पाण्यात सोडू नये. आईला बाबांजवळ नेऊ, असे मुलगा म्हणेल. नेऊ नये. मी त्यांच्याबरोबर आयुष्य काढले आणि ते चांगले गेले, पण माझ्याकडे पाठ करून वळलेल्या माणसाजवळ मला कायमचे बसायचे नाही. गेल्या आठवड्यात बोटीवरून उतरताना माझ्या पदराला मागून ओढ बसली. कुठे अडकला म्हणून वळून पाहिले, तिथे खिळा नव्हता. त्यानंतर मी गेलेले नाही.

बहिणींना बोटीवर एक माणूस जास्त वाटेल, ते ठीक आहे. कधी दोन जास्त वाटले, तर त्यांनी लगेच माझ्या मुलीला कळवावे. मी आपण होऊन तिथे गेले नाही, एवढे तिने समजून घ्यावे आणि मला न्यायला यावे. एकटीने येऊ नये.

वरील मजकूर मी स्वतः सांगितला, सुनेने लिहिला, मला वाचून दाखवला आणि तो बरोबर आहे.

सही: लिहून ठेवणारी, शिडे शिवणारी

साक्षीदार पहिले: डॉक्टर. बाईंची बुद्धी शाबूत असल्याचे मी तपासून सांगतो. मजकुराबद्दल माझे काही म्हणणे नाही.

साक्षीदार दुसरे: घड्याळजी. त्या बोटीवर मी वीस वर्षे होतो. मजकुराबद्दल माझे म्हणणे आहे की तो खरा आहे.

ठिकाण: राहते घर, वरची खोली
तारीख: पाच मार्च, मंगळवार, सकाळ