संपर्क क्रमांक

प्रिय ढमे,

आता काडी झालीस तरी माझ्यासाठी तू ढमीच. तुझा बायोडेटा आणि सोबतची चिठ्ठी मिळाली. वाचता वाचता दोनदा कपाळावर हात मारून घेतला. अगं, ‘छंद : वाचन, संगीत, प्रवास’ हे काय लिहिलंयस? सात वर्षांत तू कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापलीकडे गेली नाहीस, आणि म्हणे प्रवास! कारखान्याच्या भरती खात्यात बावीस वर्षं मी अर्जांचे गठ्ठे उपसतोय. ती ओळ वाचून कुणाला नोकरी लागलेली मी तरी पाहिली नाही. खोडली. ‘मी कष्टाळू व प्रामाणिक आहे’ हेही खोडलं. मी लबाड आहे असं आपण होऊन कुणी लिहितं का? दोन पानांचं एक पान केलं. रक्ततपासणीचा डिप्लोमा आणि त्या बंद पडलेल्या प्रयोगशाळेतली तुझी चार वर्षं सगळ्यात वर घेतली.

एका ओळीपाशी मात्र हात अडला. ‘गेली सात वर्षे : काही नाही.’ काही नाही? आईला अर्धांगवायू झाला तेव्हापासून दर दोन तासांनी तिला कूस बदलून दिलीस, चमच्याचमच्याने भरवलंस, तिचं बोबडं बोलणं तुला एकटीला कळायचं. गेल्या महिन्यात ती गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या पाठीवर एकही जखम नाही, हे मी पहिल्यांदा बघतोय. मी तुझ्या शेजारीच उभा होतो. ते ऐकलं आणि काहीतरी निमित्त काढून बाहेर सटकलो. तर त्या जागी आता ‘पक्षाघाताच्या रुग्णाची पूर्णवेळ शुश्रूषा, सात वर्षे’ असं लिहिलंय. गुरुवारच्या मुलाखतीत त्याबद्दल विचारलं तर मान खाली घालून ‘घरची अडचण होती’ असं पुटपुटू नकोस. जे केलंस ते सांग.

मुलाखत नकोच वाटते, मागच्यासारखी तोंडावर आपटेन, असं लिहिलंयस. मागची मला चांगली आठवते. दुसऱ्या शहरातलं ते मोठं इस्पितळ. आईने अंथरूण धरून तीन आठवडे झाले होते आणि तुझा पाय निघत नव्हता. तुला नोकरी लागली तर आईचं आम्ही बघू, असं मीच छातीठोकपणे सांगून तुला धाडलं. वहिनीचे बूट एक माप मोठे, म्हणून पुढे कापूस कोंबून गेलीस. मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं, नाव न लिहिलेली रक्ताची नळी हातात आली तर काय कराल? तू म्हणालीस, अंदाजाने नाव चिकटवणार नाही, ती बाजूला ठेवीन आणि रक्त पुन्हा मागवीन, पेशंट ओरडला तरी चालेल. त्यावर त्यांच्यातला एक टकलू हसला. घरी येऊन म्हणालीस, दादा, मी माती खाल्ली. मग ना पत्र, ना फोन. तेच उत्तर तू सात वर्षं उगाळत बसलीस. मी रविवारी यायचो, तर भांडी घासता घासता विचारायचीस, काय म्हणायला हवं होतं रे? आणि मी, भरती खात्यातला दीडशहाणा, तुला धडे द्यायचो. नजरेला नजर दे. वाक्य आखूड ठेव. नंतर एकदा इथल्याच दवाखान्यातून बोलावणं आलं, तर तू दारापर्यंत जाऊन परत फिरलीस.

आता लिहितो. सकाळपासून चार कागद फाडलेत. त्या वेळी तुझ्याकडे फोन नव्हता, म्हणून बायोडेट्यावर नंबर माझा होता. चौथ्या दिवशी मी कचेरीत असताना त्या टकलूचाच फोन आला; तिचं उत्तर ऐकून हसलो तो मीच, म्हणाला. तुझी निवड झाली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. नळीचं उत्तर ऐकलं आणि आम्ही तिघांनी तिथल्या तिथे ठरवलं, असं म्हणाला. ढमे, तो खूश होऊन हसला होता. तू गेलीस तर आईचं कोण करणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं, आणि ते मीच कबूल केलेलं होतं. मी त्याला सांगितलं, तिला दुसरीकडे नोकरी लागली. फोन ठेवला आणि चहा प्यायला गेलो. वहिनीला यातलं काही ठाऊक नाही, तिला बोल लावू नकोस. आई होती तोवर तू निघून जाशील म्हणून गप्प बसलो. ती गेल्यावर भेकडपणाने गप्प बसलो. आजही बसलो असतो. पण या नव्या बायोडेट्यावरही तू नंबर माझाच घातलायस, आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलंयस, ‘दादा, नाही म्हणालेलं मला ऐकवणार नाही, तूच घे फोन.’ तो नंबर मी खोडलाय. तिथे तुझा घातलाय. तू नापास झालीच नव्हतीस, एवढं पक्कं ठेवून गुरुवारी आत जा. त्यांचा फोन येईल तो तूच घे. माझा घ्यायचा की नाही, ते तुझं तू ठरव.

‘तुझाच’ लिहायला हात धजत नाही,
दादा