दोन तुकड्यांच्या डिस्क आणि देबोराचं लग्न

१२ मे, शनिवार
ब्रेकच्या डिस्क आल्या. दोन तुकड्यांच्या. मधली टोपी अ‍ॅल्युमिनियमची, बाहेरचं कडं बिडाचं, कितीही तापलं तरी न वाकणारं. सोबत डिस्कला चिमट्यासारखे आवळणारे मोठे कॅलिपर. माझ्या स्पायडर गाडीला मुळात ज्या होत्या त्या डिस्क नव्हेतच, बिस्किटं.
नऊ जूनला देबोराचं लग्न. मुलीला चर्चपर्यंत मीच नेणार, स्पायडरमधून, छत उघडं. चर्चसमोरचा उतार भयंकर आहे. बिस्किटांच्या भरवशावर मुलगी उतरवणार नाही.
इवानाने विचारलं, आत्ता गाडी थांबत नाही का? म्हटलं, थांबते, पण कशी थांबते? बायको आपल्या शिवणाकडे वळली. विषय तिच्या आवाक्यातला नाही.

१३ मे
इवानाचा भाऊ लोरिस जेवायला. परमेसान चीजची व्हॅन चालवतो. मला ‘इंजिनिअर’ म्हणतो. निदान तेवढी कदर आहे. म्हणाला, इंजिनिअर, गाडी गॅरेजात टाक, दोन दिवसांत दारात येईल. तोर्तेलिनी घशात अडकली. गॅरेजवाले! हाताला ‘बास’ वाटेपर्यंत बोल्ट आवळायचा, ही त्यांची विद्या. मी टाइल्सच्या भट्टीवर उभं राहून, कुणाच्याही हाताखाली न शिकता, केसाएवढा फरक ओळखायला शिकलो.
जेवण झाल्यावर इवाना आणि लोरिस बराच वेळ व्हॅनपाशी. चीजबद्दल असणार.

१९ मे
मोजमाप. हब, बोल्टांची भोकं, कड्याची जाडी, टोपीची खोली. प्रत्येक माप तीनदा. सगळी मापं माहितीपत्रकाशी जुळली. पत्रकाचं नशीब.
खोक्यात पुठ्ठ्याचा एक कमानदार तुकडाही निघाला. पॅकिंग. ग्रीसचा डबा ठेवायला बरा.

२६ मे
जुन्या डिस्क आणि कॅलिपर भंगारवाल्याला दिले. लोरिस म्हणाला, लग्नापर्यंत तरी ठेव रे. म्हटलं, माघारीची सोय बघून कामाला लागणारे लोक चीज विकतात. इवाना म्हणाली, लग्नाचं सगळं चीज तोच फुकट देतोय. विषयांतर.

२ जून, राष्ट्रीय सुट्टी
बसवल्या. प्रत्येक बोल्ट ठरल्या जोराने, रेंच ‘टक्’ म्हणेपर्यंत. देखणं काम. चाक लावून झाकायचं जिवावर आलं.
देबोरा डोकावली. पपा, शनिवारी नक्की ना? छत उघडं असेल तर केस बांधून घेते. म्हटलं, बांध. मग ती जरा घुटमळली आणि म्हणाली, नाही जमलं तरी चालेल हं, पपा. पोरीला बापाची काळजी.

संध्याकाळी
चाक चढत नाही.

३ जून
चाक अजूनही चढत नाही. कॅलिपरला आतून घासतं. चाकच चुकीचं आहे.
लोरिस आला. ग्रीसच्या डब्याखालचा पुठ्ठा उचलला, चाकात धरला. पुठ्ठाही अडकला. म्हणाला, इंजिनिअर, हा साचा आहे. डिस्क लावायच्या आधी चाकात घालून बघायचा असतो. चाक मोजलं नव्हतंस?
नव्हतं. चाक गाडीला आधीपासून होतंच. जे आहे ते मोजायचं कशाला?

५ जून
मोठी चाकं पंधरा दिवसांनी मिळतील, असं मोदेनाचा दुकानदार सांगतो. देशाचं काही खरं नाही. शेजाऱ्याकडून त्याची चाकं मागून आणली. त्यांना पाच भोकं, माझ्या हबला चार बोल्ट. शेजारी माणूसच तसा.

७ जून
चार मिलिमीटरचा तर प्रश्न. ग्राइंडर काढला, चाक आतून घासायचं ठरवलं. लोरिस दारातून म्हणाला, आणि त्या चाकावर आपली देबोरा बसणार ना? ग्राइंडर ठेवून दिला. स्वतःच्या विचाराने.
रात्री जेवताना देबोराला सांगायला तोंड उघडलं. तिने पाव पुढे केला. म्हणाली, पपा, कळलंय. खा.

९ जून
सकाळी सूट घालून गाडीकडे एक नजर टाकली. ब्रेक निर्दोष आहेत. आठवडाभरात गाडी तसूभर हललेली नाही.
लोरिसची व्हॅन दारात. धुतलेली, आरशांना पांढऱ्या फिती. तरी चीजचा वास. देबोरा पुढे, मी तिच्या शेजारी. गल्लीभर हॉर्न. चर्चसमोरच्या उतारावर व्हॅनचे ब्रेक किंचाळले. देबोराने माझा हात घट्ट धरला होता. उतार आहे ना.
जेवताना मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. व्हॅनच्या सीटवर पांढऱ्या सॅटिनची खोळ होती. इवानाच्या हातची. कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही. कोपरा न् कोपरा बरोबर बसलेला. असलं काम एका रात्रीत होत नाही, हे मला कळतं.
इवानाला विचारलं, माप कधी घेतलंस?
म्हणाली, तुझ्या डिस्क आल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. लोरिस जेवायला आला होता तेव्हा.
विचारलं, तीनदा घेतलंस?
म्हणाली, एकदाच.