सोयाबीनची खूण

आई, तुझ्या बोलण्याचा मी खेळ केलाय. हसू नकोस. हिंगोलीत ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा आहे. तिथे आईबापांनाही हातांची भाषा शिकवायची असते, पण मोठी माणसं लाजतात. म्हणून पत्ते केले. पत्त्यावरचं चित्र हातांनी सांगायचं, लेकराने समोरच्या तक्त्यावर ते ओळखायचं. तोंड उघडलं किंवा खूण चुकली की एक चिंचोका गेला. आपल्याकडच्या माणसाला गप्प बसवणं किती अवघड, ते तुला ठाऊक नाही; पहिल्याच दिवशी भल्याभल्यांचे चिंचोके संपले.

पत्ते करताना मी सोयाबीनपाशी अडले. तू त्यासाठी मूठ कानाजवळ नेऊन हलवायचीस. शेंग वाळली का ते बाबा कानाशी खुळखुळवून बघायचे, त्यावरून तू ती खूण उचललीस. तो खुळखुळाट तुला कधीच ऐकू आला नाही. मला तीच खूण खेळात हवी होती. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "ताई, लेकरू उद्या नांदेडला शिकायला गेलं तर तिथं ही कोणाला कळंल? सगळीकडं चालती तीच शिकवा." बराबर होतं त्यांचं. मी मुकाट्याने त्यांची खूण घातली. बाबा गेल्यापासून तुझी बोली मला एकटीलाच येते, हे त्यांना काय सांगायचं.

परवा सेनगावकडची एक बाई लेकीसोबत खेळायला बसली. शेतात राबणारी. तिला सोयाबीनचा पत्ता आला आणि शिकवलेली खूण काही आठवेना. तिने इकडेतिकडे पाहिलं, मूठ कानाशी नेली आणि हलवली. पोरीने खदखदून हसत सोयाबीनच्या चित्रावर बोट ठेवलं. शाळेतल्या बाईंनी तिच्याकडे चिंचोका मागितला, नियम माझाच होता. ती म्हणते, "काहून? माह्या लेकराला तर कळलं की!" सगळे हसले. मला हसता येईना.

तू बायकांच्या घोळक्यात बसायचीस, आणि सगळ्या हसल्या की मागाहून हसायचीस. तुझं बोलणं आपल्या उंबऱ्याबाहेर कोणाला कळायचं नाही, असंच आम्ही धरून चाललो. तुझ्या काळातही सेनगावकडे एखादी अशीच मूठ हलवत असेल. जीपने जाण्याइतकं जवळ, आई. फार वाईट वाटलं, अजून वाटतंय.

तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. खरं सांगू? हे सगळं मी आधी हातांनीच सांगितलं, स्वयंपाकघरात, तुझ्या रिकाम्या पाटासमोर उभी राहून. लिहायला बसले ती हात थांबेनात म्हणून.